उणे ऐंशी

भिंतीकडे सातुर्निनो, दाराकडे इरेनेओ;
खाट एकच, गोधडी एकच.
बोलिव्हियाच्या चाकोतलं घर, मातीच्या विटांचं,
आणि भेगाभेगांत दिवसभर निजलेली विंचुका,
ढेकणाची थोरली चुलत बहीण.
दिवा मालवला की ती उतरायची,
पापणीच्या कडेला, ओठाच्या कोपऱ्याशी
इतकं हळू चावायची की स्वप्नसुद्धा कूस बदलत नसे,
आणि जाता जाता तिथंच घाण करून जायची.
त्या घाणीत तो, शेपटीवाला, नजरेला न दिसणारा.
खाजवलं की आत.

नंतर तीस वर्षं काहीच नाही.
तीस वर्षं तो काळजाच्या मांसात
भाडं न भरता राहतो,
भिंती पोखरतो, तारा कुरतडतो.
मुलं होतात, शेळ्या वाढतात, छपरावर पत्रा येतो.

काळीज सुपाएवढं होणं म्हणतात ना,
ते मी एक्स-रेवर पाहिलंय.
सातुर्निनोचं झालं होतं.
आनंदाची बातमी कुठलीच नव्हती.
पुढच्या ऑगस्टात, हातपंपापाशी,
वर गेलेला दांडा वरच राहिला.
शेळ्या बराच वेळ वाट बघत उभ्या होत्या,
त्याची बायको एउसेबिया एवढंच सांगते.

इरेनेओ आज चौसष्टाचा.
अजून केब्राचोवर चढून मध काढतो.
रक्तात त्याच्याही तोच,
त्याच घरातला.

मी नळ्या भरते, चिकटपट्टीवर नंबर लिहिते.
तो मला डॉक्टरीणबाई म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.
"हे कशासाठी?"
सांगते: शागास झालेल्या दहांतल्या तिघांचं हृदय खचतं,
बाकीचे म्हातारे होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातात;
ते तिघे कोण, हे आधी कळत नाही.
तिकडे सुक्रेत लोक रक्तात चाहूल शोधतायत,
एखादं प्रथिन, आरएनएचा एखादा तुकडा,
बावीस अक्षरांचा,
जो ठोका चुकायच्या दहा वर्षं आधी बोलेल.
"बावीसच?" तो हसतो.
"माझ्या आईचं नाव याहून लांब होतं.
मग? बोलला का?"
अजून नाही. कधी बोलल्यासारखा वाटतो,
दुसऱ्या गावच्या रक्तात गप्प बसतो.

नळी भरली. कापूस दाबून धरा, म्हटलं.
तो उठेना.
"यातून हे कळेल का," कापसाकडे बघत म्हणाला,
"की भिंतीकडे कोण झोपायचं?
दाराकडची जागा मी मागून घेतली होती.
भिंतीतली ती खसखस मला ऐकवत नसे.
तो धाकटा. तो म्हणाला, बरं."

मी म्हटलं, ती छपरातूनही टपकते, खाटेच्या पायावरूनही चढते,
चावे तुम्हालाही होते, तुमचाही डोळा सुजला होता,
जागेचा काही संबंध नाही.
शेवटचं वाक्य मला वाटतं म्हणून बोलले,
माहीत आहे म्हणून नाही.
पाहुण्याच्या बोलण्याला हलवावी तशी त्यानं मान हलवली.
मग दुसरी बाही वर सारली.
"यातूनही घे.
हा हात त्याच्या बाजूला असायचा."

नियमात माणशी एकच नळी.
मी दुसरी भरली. नोंदवहीत काय लिहायचं
ते सुचलं नाही, तर रकाना तसाच सोडला.

बर्फाची पेटी चारच्या बसनं निघायची होती.
झाकण लावताना त्यानं विचारलं, कुठं ठेवतात मग हे?
फ्रीजरमध्ये. उणे ऐंशीवर.
बाहेर बेचाळीस होतं, अंगणातलं कुत्रं
पेटीच्या सावलीत येऊन पडलं होतं.
"उणे ऐंशी," तो स्वतःशीच म्हणाला.
"त्याला नाही सोसायचं ते.
गोधडी सगळी तोच ओढून घ्यायचा."